तोंडी सांगायची रीत

"घाबरलीस ना? खरं सांग. घरी सायकल तरी होती का?"

प्रशिक्षक साहेबांनी हे हँगरच्या दारात विचारलं, सगळ्यांसमोर. सगळे हसले. मी नुकतीच विमानातून उतरले होते. धावपट्टीवर वेग घेतला, विमान उचलणार तेवढ्यात इंजिन फडफडलं. मी ब्रेक दाबून कसंबसं थांबवलं. जमिनीवरून उठले असते तर समोरच्या बाभळींत जाऊन मेले असते. आणि हा माणूस मला सायकल विचारत होता.

सत्तरच्या दशकातलं नागपूर. आमच्या फ्लाइंग क्लबात शिकवायची विमानं दोन. नवं रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या मुलाला आणि त्याच्या दोस्तांना. जुनं मला. मी सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली, दलित वस्तीतली. माझं नाव तिथे कुणी घेत नसे. 'ए शिष्यवृत्ती' म्हणत. मी ओ देत असे. त्याची आजही लाज वाटते.

उड्डाणानंतर बिघाड रजिस्टरात लिहायचा, असा नियम. एकदा लिहिला की दुरुस्ती होऊन इंजिनिअरची सही पडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. म्हणून आमच्याकडची रीत वेगळी. बिघाड तोंडी सांगायचा. लिहायचा नाही. इंजिन अडखळतं हे मी आधी तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा "बघतो" ऐकलं. त्या दिवशीही तोंडीच सांगितलं आणि मान खाली घालून घरी आले. मोठी शहाणी!

घरी आईला इंजिनाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, क्लब बदलावा म्हणते. परराज्यातल्या क्लबात बदली मिळू शकत होती, पण इथल्या साहेबांचं पत्र लागायचं. इथले उड्डाणाचे तास तिथे धरतीलच, असंही नव्हतं. लायसन्सला थोडेच तास उरले होते. राहावं तर जिवाला धोका, जावं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

आई भाकरी थापत होती. तिच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेली, एवढंच मला माहीत होतं.

"तू लिवून देल्लं का वं?"

"नाई. तोंडी सांगतलं."

"मीबी तोंडीच सांगतलं होतं मुकादमाले, पट्टा सटकून राहिला म्हणून. बोटं गेल्यावर तो म्हने, हे बाई बोललीच नाही. मले तं लिवताच येत नव्हतं. तुले काय झालं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रंदिवस अभ्यास करून मी इंग्रजीत हवामान शिकले होते, इंजिन शिकले होते. आणि चार ओळी लिहायला घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रजिस्टरात लिहिल्या. तारीख घातली. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. जुनं विमान हँगरमध्येच राहिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम गोड.

"खोड ते. माझ्या हातून चूक झाली, असं लिही. उद्यापासून नवं विमान तुझं."

मोह झाला. खोटं कशाला बोलू? उरलेले तास महिन्याभरात झाले असते.

"आणि जुनं कुणाला देणार, सर?"

"येईल की पुढचा कुणी शिष्यवृत्तीवाला. ती काळजी तू करू नकोस."

माझं अंग तापलं. मी म्हटलं, "मला बदलीचं पत्र द्या."

"मिळणार नाही."

"मग मिळणार नाही, हे लेखी द्या."

ते उठून निघून गेले. मी खुर्चीत बसून राहिले. त्या केबिनमध्ये मला कधी कुणी बस म्हटलं नव्हतं, त्या दिवशी मी न विचारता बसले. आणि ठरवलं. पत्र दिलं तर घेऊन जाईन, नाही दिलं तर बिनपत्राची जाईन. पहिल्या तासापासून पुन्हा शिकावं लागलं तरी शिकेन. पण लिहिलेलं खोडणार नाही. उद्या त्या विमानात आमच्यातलं कुणी मेलं, तर "आम्हाला माहीत नव्हतं" असं मी यांना म्हणू देणार नाही.