पाच घरचं अंगडं

सोलापूरला गिरणीच्या मागच्या गल्लीत एखादं तान्हं पोर काशम्माच्या कुंचीशिवाय दिसलं, तर बायका त्याच्या आईला विचारत, "का गं, काशम्माशी भांडलीस काय?" डोकं झाकून पाठीवर रुळणारी खणाची कुंची काय, कुणीही शिवतं. पण काशम्माच्या हातचा जरीचा गोटा कपाळाशी असा बसे, की काळंबेंद्रं पोरही घटकाभर राजाचं वाटावं. नवरा कल्लप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होता. त्याच्या पगारात चार माणसांचं पोट म्हणजे ओढाताणच. म्हणून भाकरी थापून झाल्या की ती दारात पोतं अंथरून शिवायला बसे. झबली, टोपडी, दुपटी, पाळण्यावर टांगायची चिमणाळी, चिंध्यांच्या बाहुल्या, लेकरांचं म्हणून जे जे असतं ते सगळं. बाहुल्यांची तोंडं मात्र तिला कधी साधली नाहीत. तिची प्रत्येक बाहुली तिच्या सासूसारखी दिसे, ओठ मुडपून रुसलेली. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त सासूला, बसव्वाला, ठाऊक नव्हतं.

शिवण्यात काशम्माचा एक हट्ट होता. कुठलंही कापड ती वाढत्या अंगाचंच शिवायची. खालचा घेर चार बोटं आत दुमडून वर कच्चा टाका घालायची आणि आईला बजावायची, "पोर वाढलं की हे उसव. पोर काय आज हाय तेवढंच राहणार हाय की?" ही चार बोटं नसती तर तिच्या खणाची बचत झाली असती. कल्लप्पानं एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मग तुम्ही शिवा."

दुसऱ्यांच्या पोरांना नटवणाऱ्या या बाईचं स्वतःचं नशीब मात्र उफराटं. थोरली दाक्षायणी सात वर्षांची, ठणठणीत. तिच्या पाठीवर दोन मुलगे झाले आणि दोन्ही गेले. पहिल्यानं नीट डोळेही उघडले नाहीत. दुसरा बसायला लागला होता, हसायला लागला होता, आणि एका आकडीत गेला. दोघांसाठी तिनं पोटुशी असतानाच ट्रंक भरून नवे कपडे शिवून ठेवले होते. बसव्वा म्हणाली, "नव्याची दृष्ट लागली. तुझ्या हौसेनं खाल्लं त्यांना." सासूचं बोलणं काशम्मा एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडायची. हे तेवढं आत राहिलं.

त्र्याहत्तर साली तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा या खेपेला सगळं रीतीनं करायचं ठरलं. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरातलं मूल आपलं नव्हेच असं दैवाला भासवायचं. जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलायचं, आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. कानडीत उकिरड्याला तिप्पे म्हणतात, म्हणून मुलगा झाला तर नाव तिप्पण्णा. आणि वर्ष होईपर्यंत त्याच्या अंगाला नवा धागा लागू द्यायचा नाही. ज्यांची सगळी मुलं जगली, अशा पाच घरांतून मुलांच्या अंगचं वापरलेलं कापड मागून आणायचं आणि त्याचं अंगडं शिवायचं. ते धुवायचंही नाही. धुतलं तर त्यातलं आयुष्य पाण्याबरोबर जातं.

दिवस भरत आले तशी काशम्मा मागायला निघाली. चार घरं गल्लीतच झाली. कुणी जुनं झबलं दिलं, मागावर चादरी विणणाऱ्या घरानं मुलांच्या पांघरुणाचा तुकडा दिला. पाचव्या घरासाठी तिनं ज्या दारात पाय ठेवला तिथं खरं तर दारच नव्हतं. ते पाल होतं, गिरणीच्या भिंतीला टेकवून मारलेलं.

पालात गोजाबाई राहायची, माळशिरसकडची धनगरीण. दुष्काळात मेंढरं मेली तशी नवरा-बायको पोरं घेऊन शहरात आली होती. तिची पाचही पोरं जगली होती. पण काशम्मा गेली ती एवढ्यासाठी नव्हे. गोजाबाईच्या धाकट्या सिदूला नुकत्याच देवी येऊन गेल्या होत्या. देवीची लस टोचणारी माणसं पोराला उचलून नेतील या भीतीनं गोजाबाईनं त्याला बोचक्यांमागं दडवलं होतं. पण देवी आल्याची खूण म्हणून पालाला खोचलेला कडुनिंबाचा डहाळा काशम्मानं पाहिला होता, आणि आता तोंडावर व्रण घेऊन हिंडणारा सिदूही पाहिला होता.

"गोजाबाई, सिदूच्या अंगाखालचं एक फडकं दे की."

गोजाबाईनं मान हलवली. "त्ये नगं, बाय. आजाराचं हाय. थोरलीचा परकर देती, लई मऊ हाय बगा."

"मला सिदूचंच पाहिजे. देवीनं हात लावून सोडलंय त्याला. त्याच्यापेक्षा पक्कं आयुष्य कुणाचं असणार?"

"म्या जाळणार हुते त्ये. माजं मन घेत न्हाय."

"पाचवं घर हाय हे माझं," काशम्मा म्हणाली आणि पोटावर हात ठेवून उभीच राहिली. पोटुशी बाई दारात येऊन मागते, तेव्हा तिला नाही म्हणत नाहीत. ही रीत माळशिरसलाही होती आणि सोलापुरातही. गोजाबाईनं बोचक्यातून धोतराचा एक जुना तुकडा काढून दिला. देताना काशम्माच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

मुलगाच झाला. सूप झालं, उकिरडा झाला, कोंडा झाला, आणि तिप्पण्णा परत आईच्या कुशीत आला. बारशाआधी काशम्मानं अंगडं शिवलं. जन्मभर गोटा आणि खण हाताळलेल्या बाईनं चिंध्या जोडल्या, आणि त्याही मन लावून जोडल्या. सिदूचा तुकडा तिनं बरोबर मध्यभागी घेतला, छातीवर येईल असा. कातरलेले उरलेसुरले तुकडे दाक्षायणीच्या बाहुलीत भरले. अंगडं घातलेलं पोर भिकाऱ्याच्या झोळीतून पडल्यासारखं दिसत होतं. बसव्वा प्रथमच सुनेवर खूश झाली.

एक गोष्ट मात्र काशम्मानं कुणाला सांगितली नाही. कुणाच्यातरी कुंचीतून उरलेला लाल खण तिच्याजवळ होता. त्याची एक कुंची बेतून, वरचा गोटा लावून, तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. वर्ष झालं की घालायची. दोनदा तोंड पोळलेली बाई ताक फुंकून प्यायची, पण हौस कुठं मरते? एकटी असली की ती ट्रंक उघडून त्या खणावरून हात फिरवी.

पोर बाळसं धरत होतं. आईच्या बोटाला धरलं की सोडत नव्हतं. मग एके दिवशी अंग तापलं. दोन दिवसांनी कपाळावर, मग छातीवर पुरळ उठलं. बसव्वानं पाहिलं आणि हात जोडले. "आई आली," ती म्हणाली. दाराला निंब लागला. घरात फोडणी बंद, आणि सुई बंद. देवी घरात असताना टाका घालायचा नाही, तो तिला टोचतो. सुया डबीत गेल्या, डबी फळीवर गेली. कल्लप्पा कामावर जाई आणि येई, मधल्या वेळात उंबऱ्यावर बसून राही. काशम्मा पोराला मांडीवर घेऊन मनात एकच धरून होती, की छातीवर सिदूचं कापड आहे, देवी ओळखेल.

दाक्षायणीनं शाळेत भाऊ आजारी असल्याचं सांगितलं, तशी दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालटीची नर्सबाई आली. बसव्वा दार अडवून उभी राहिली, पण नर्सबाई अशा सासवा रोज पाहत होती. तिनं दाक्षायणीच्या दंडावरचा टोचल्याचा व्रण पाहिला, मोठ्यांचे दंड पाहिले, मग पोराकडे वळली. अंगडं हळूच सोडवलं. ते उलटं करून उजेडात धरलं आणि छातीवरच्या तुकड्याच्या शिवणीतून नखानं काहीतरी काढलं. वाळलेली, काळपट, डाळीएवढी खपली.

"हे कापड कुणाचं?"

काशम्मानं सांगितलं.

"त्या खपलीत रोग जिवंत राहतो, बाई. महिना महिना राहतो."

"धुतलं असतं तर?"

"उकळलं असतं तर..." नर्सबाई बोलता बोलता थांबली. तिनं अंगडं, दुपटं, पाळण्यातलं सगळं अंगणात नेऊन पेटवायला सांगितलं. दाक्षायणीनं न मागता आपली बाहुली आणून दिली. तिच्या पोटात काय भरलंय हे तिला माहीत होतं. ओठ मुडपलेलं ते तोंड जळताना पोरगी टक लावून बघत होती.

हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. नर्सबाई काय म्हणाली ते निम्म्यांनी ऐकलं, आणि उरलेलं निम्मं निम्म्यांनी जोडलं. धनगरणीनं आजाराचं फडकं देऊन पोराचा घात केला, असं ठरलं. असं ठरवायला गल्लीला वेळ लागत नाही. बाहेरगावचं माणूस, त्यातही पालातलं, म्हणजे दोषाला हक्काची जागाच. कल्लप्पा कामावरून आला, ऐकलं, आणि कोपऱ्यातली काठी उचलून बाहेर पडला. मागून चार गडी निघाले.

काशम्मानं पोराला सासूच्या मांडीवर दिलं आणि ती धावली. बाळंतीण बाई, पदर कुठं, केस कुठं. ती पोचली तेव्हा पालाची एक दोरी तुटली होती. गोजाबाई पोरांना पाठीशी घालून उभी होती आणि एक अवाक्षर बोलत नव्हती. बोलली असती तर सुटली असती. मी नको म्हणत होते, एवढंच म्हणायचं होतं. पण जिचं लेकरू मरणाला टेकलंय तिच्यावर बोट ठेवायला त्या बाईची जीभ उचलेना.

"तिनं नको म्हटलं होतं," काशम्मा म्हणाली.

कल्लप्पा वळला.

"दुसरं देते म्हणाली. जाळणार हाय म्हणाली. मी पोट धरून उभी राहिले आणि मागून घेतलं. तिला हात लावायचा न्हाई. मारायचं असलं तर मला मारा."

आपलेच दात, आपलेच ओठ. काठी कुणावर उगारायची? कल्लप्पानं ती तिथंच टाकली आणि तो निघून गेला. बाकीचे गडीही एकेक करून सटकले, गल्लीला घाईची कामं आठवली. गोजाबाई मटकन खाली बसली आणि गळा काढून रडायला लागली. काशम्मा रडली नाही. पाल पुन्हा बांधायला दोरीचं टोक तिनं सिदूच्या हातात दिलं आणि ती घरी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिप्पण्णा गेला. बसव्वाला वाटलं झोपला. काशम्माला कळलं, कारण तिच्या बोटाभोवतीची मूठ सैल झाली.

मूठमातीसाठी माणसं अंगणात जमली. पोराच्या गळ्यात लिंगायतांच्या रीतीनं जन्मल्या दिवशी बांधलेलं इष्टलिंग होतं, तेवढंच. अंगावर घालायला काही नव्हतं, सगळं जाळलं होतं. कुणीतरी नवं फडकं आणायला निघालं, तर काशम्मानं हातानं अडवलं. ट्रंक उघडून तळातली लाल कुंची काढली. मग फळीवरची सुयांची डबी घेतली.

"सुई धरू नको," बसव्वा म्हणाली. "देवी हाय अजून घरात."

"आता कुणासाठी थांबलीय ती?"

बसव्वा जन्मात पहिल्यांदा सुनेच्या शेजारी येऊन बसली आणि खणाचं टोक ताणून धरलं. काशम्मा शिवायला लागली. हात चालत होते, ते तिला विचारून चालत नव्हते. गळ्याची नाडी झाली, बाजू झाल्या, मग घेर. घेर तिनं चार बोटं आत दुमडला आणि वर कच्चा टाका घालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आजवर घालत आली तसा. दोरा तोडायला वाकली तेव्हा तिला दिसलं, की आपण काय केलंय.

बसव्वालाही दिसलं. तिचे ओठ मुडपलेलेच होते, पण ते थरथरत होते. "उसव ते," ती हळू म्हणाली.

काशम्मानं दुमडीवरून अंगठा फिरवला. बाहेरून कल्लप्पानं हाक मारली, उशीर होतोय म्हणून. तिनं दातानं दोरा तोडला आणि सुई डबीत ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली, आणि पोराच्या डोक्यावर कुंची चढवायला लागली.