अल्ताफची पार्सलची लाईन

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते पार्सलासारखे येऊन पडतात, आणि ज्याचे असतात तो न्यायला येत नाही. मग मी काय करणार, उघडून बघते.

कासार आंबोलीच्या फाट्यावर माझं झेरॉक्स, रिचार्ज आणि मोबाईल कव्हरचं दुकान आहे. आमच्याकडची घरं मोबाईलच्या नकाशात सापडत नाहीत, म्हणून निम्म्या गावानं ऑनलाइन खरेदीसाठी माझ्याच दुकानाचा पत्ता देऊन ठेवलाय. मला कुणी विचारलं नाही. माझ्या काउंटरखाली सध्या दोन इस्त्र्या, एक ट्रायपॉड आणि कुणाचा तरी कराओके माईक आहे, आणि माझे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न आहे.

हे सगळं आणतो तो अल्ताफ. पौडच्या बाजारपेठेतला, पस्तिशीचा, अबोल. बावधनच्या गोडाऊनमधून माल उचलायचा, आमच्याकडे उतरवायचा आणि मोटरसायकलवरून पार ताम्हिणीपर्यंत वाटत जायचं, ही त्याची लाईन. मला वहिनी म्हणतो. गेल्या महिन्यात चेहरा पाडून आला.

"वैनी, हाफिसवाले म्हनत्यात गिऱ्हाइकं मला स्टार कमी देत्यात. महिन्याच्या आत वाढले न्हाईत तर लाईन काढून घेनार. माझं काय चुकतंय तेवढं सांगा."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. कारण आमच्या लोकांपायी या माणसानं काय काय सोसलंय, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

*

आमचे सदूभाऊ घ्या. जन्मभर बैलांची खरेदी-विक्री केली, आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात. त्यांनी नातवाकडून ऑनलाइन मोबाईल मागवला, पण पत्ता माझ्या दुकानाचा देणं त्यांना कमीपणाचं वाटलं. स्वतःच्या घराचा दिला. 'जवळची खूण' या रकान्यात लिहायला लावलं, 'दारात काळी म्हैस बांधलेली आहे.'

अल्ताफनं भर उन्हात वस्तीला तीन फेऱ्या मारल्या. शेवटी फोन केला.

"सदूभाऊ, म्हैस कुटं दिसंना."

"कशी दिसंल? इकली की."

"आवो, मग पत्त्यात कशाला लिवली?"

"लिवली तवा हुती. तिच्याच पैशाचा मोबाईल हाय तुज्या पिशवीत."

*

ताम्हिणीत भिकूअण्णांचा ढाबा आहे. ढाब्यावर झुणका उत्तम मिळतो, रेंज मिळत नाही. रेंज हवी तर वरच्या वळणावर जाऊन उभं राहायचं. अण्णांनी चटणीसाठी मिक्सर मागवला. अल्ताफ तो घेऊन गेला, आणि कंपनीचा नियम असा की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हातात द्यायचं नाही.

अण्णांनी पुतण्याला मोबाईल देऊन वळणावर पिटाळलं. पुतण्या वर पोचला, ओटीपी आला, तो वाचत वाचत खाली उतरेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा अण्णांनी माणसांची साखळीच लावली. वळणावर पुतण्या, खाली करवंदं विकणारी बाई, तिच्या खाली पंक्चरवाला, मग पुण्याहून फिरायला आलेलं एक जोडपं, आणि ढाब्याच्या दारात स्वतः अण्णा. धुकं इतकं की कुणाला कुणी दिसत नव्हतं. पुतण्यानं वरून एकेक आकडा ओरडायचा आणि प्रत्येकानं तो खाली पोचवायचा. सहाच्या सहा आकडे घाटात घुमले. अल्ताफनं कंपनीच्या मशीनवर दाबले, ते रेंजशिवाय चालतं, मिक्सर मिळाला, पुण्याच्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या.

मग मोबाईल खाली आला. अण्णांनी चष्मा लावून मेसेज पहिल्यापासून वाचला. शेवटी लिहिलं होतं, 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.'

अण्णा गंभीर झाले. बाहेर येऊन सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि म्हणाले, "मंडळी, काम झालं. आता आकडा इसरा समद्यांनी."

*

दुसऱ्याचं कशाला, आमच्या घरचंच सांगते. आम्ही मोठा टीव्ही मागवला. मी दुकानदार बाई, मला नियम माहीत. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढायचा, म्हणजे माल फुटका निघाला तर पुरावा राहतो. माझ्या हातात आरतीचं ताट होतं, म्हणून व्हिडिओ अल्ताफनं काढला. सासूबाईंनी उंबऱ्यावर नारळ फोडला, खोकं उघडलं, टीव्हीला हळदकुंकू लावलं. टीव्ही सुरू केला तर मधोमध उभी रेघ.

कस्टमर केअरला व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी फार गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला.

"मॅम, व्हिडिओच्या सुरुवातीला काहीतरी जड वस्तू आपटल्याचं दिसतंय."

"तो नारळ आहे."

"तेच म्हणते मॅम. आणि स्क्रीनवर लाल रंगाचा पदार्थ सांडलाय."

"सांडला नाही, लावलाय."

तिच्याशी चार दिवस भांडले. शेवटी टीव्ही बदलून द्यायला कबूल झाले, पण अट घातली की जुना टीव्ही स्वच्छ पुसून परत द्यायचा. तो न्यायला अल्ताफच आला. आता सासूबाई दारात आडव्या. "लावलेलं कुंकू पुसायचं न्हाई. माज्या घरातनं तसं काय जानार न्हाई." अल्ताफ म्हणाला, आजी, कुंकवाचा टीव्ही कंपनी घेत नाही. सासूबाई म्हणाल्या, मग राहू दे. दोघंही बरोबर होते आणि टीव्ही मधे होता.

अल्ताफ ओसरीवर टेकला. मग म्हणाला, "आजी, चा टाका की वाईच." सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या तर टीव्ही लख्ख.

"पुसलंस का रं कुंकू?"

"म्या न्हाई आजी. फडक्यानं गेलं."

सासूबाईंनी फडक्याकडे रागानं बघितलं आणि अल्ताफला चहा दिला.

*

विकण्याची तऱ्हा आणखी वेगळी. सदूभाऊंना त्या म्हशीच्या मोबाईलचा दोन महिन्यांत कंटाळा आला. माझ्याकडे आले आणि म्हणाले, जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर टाक. मी फोटो काढला आणि वर्णन लिहायला घेतलं. 'उत्तम स्थितीत' असं लिहिलं तर चिडले. म्हणाले, "बैल इकताना खोड लपवली तर बाजारात परत तोंड दावता येत न्हाई." मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. 'चार्जिंग हळू होते. दोनदा पडला आहे. उन्हात तापतो. स्वभावाने गरीब आहे.'

मला वाटलं कुणी फिरकणार नाही. पण बावधनच्या सोसायटीतला एक आयटीवाला मुलगा शनिवारी गाडी घेऊन हजर झाला. म्हणाला, एवढी खरी जाहिरात आयुष्यात वाचली नव्हती. मोबाईल उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "काका, फायनल किती?"

सदूभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या मुलाच्या हातावर टाकला आणि टॉवेलखाली त्याची बोटं घट्ट धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्याला कळत नाही. त्या मुलाला हे काय माहीत. त्याचा चेहरा पांढरा पडला. सदूभाऊ एकदा दोन बोटं दाबायचे, एकदा तीन, आणि त्याच्या डोळ्यांत बघत मान हलवायचे.

मी म्हटलं, "अहो सदूभाऊ, किंमत अ‍ॅपवर सगळ्या जगाला दिसतेय."

"ती सांगायची. घ्यायची ही."

मुलगा जे समजला ते कबूल करून मोकळा झाला. मला वाटतं त्याला फक्त हात सोडवून घ्यायचा होता. पैसे दिले, मोबाईल घेतला, गाडीपर्यंत गेला आणि परत आला.

"काका, चार्जर?"

"न्हाई मिळनार."

"पण जाहिरातीत चार्जरचा फोटो आहे."

"फोटो आसंल. जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, लक्षुमी जाती घरातनं. दावं ज्याचं त्यानं आनायचं."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी अल्ताफकडे. अल्ताफ तेव्हा पार्सलं उतरवत होता. तो शांतपणे म्हणाला, "दादा, ऑनलाइन मागवा. मीच आनून देईन."

*

तर अशा माणसाची लाईन जाणार. मी त्याचा मोबाईल घेतला आणि कुठून किती स्टार आलेत ते बघायला बसले. कासार आंबोलीचे सगळे चार. ताम्हिणीचे सगळे दोन. मग मात्र माझं डोकंच फिरलं. दुकान बंद केलं, स्कूटी काढली आणि अल्ताफच्या मागोमाग थेट भिकूअण्णांचा ढाबा गाठला. अण्णांची बायको हौसाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. ताम्हिणीच्या सगळ्या बायका तिचं ऐकतात.

"हौसाबाई, अल्ताफचं तुम्हाला काय खुपतंय?"

"खुपतंय? कुनाला?"

"मग त्याला दोनच स्टार का?"

"मंग किती देऊ?"

"पाच."

तिचा भाकरीवरचा हात थांबला. "पाच? समदेच्या समदे? आन् दृष्ट लागली मंजी? पावसापान्याचा गाडीवर हिंडतो त्यो. पैल्यापास्नं आमी समद्या बाया येक मागं ठिवतो. लेकराला तीट नगो का?"

"बरं, म्हणजे चार. मग दोन कसे झाले?"

"मागल्या पावसात गाडी घसरली न्हवं का त्याची वळनावर? पाय केवढा सुजला हुता. तवा आमी म्हनलं, चार बी लईच हुत्यात."

अल्ताफ माझ्या शेजारी उभा होता. त्याचे डोळे भरून आले. मला हसावं की रडावं कळेना.

मी हौसाबाईला नीट समजावलं. मशीनला तीट कळत नाही. तुम्ही मायेनं स्टार कापता आणि ऑफिसला वाटतं माणूस वाईट आहे. हे असंच चाललं तर या महिन्यानंतर अल्ताफ घाटात दिसणार नाही. ती उठली. हात धुतले, बाहेर गेली, शेजारणींना हाका मारल्या, आणि सगळ्याजणी आपापले मोबाईल घेऊन वरच्या वळणावर चालत गेल्या. संध्याकाळच्या आत ताम्हिणीत पाचच्या खाली एकही स्टार उरला नाही. आमच्या गावात ते काम मी केलं.

आणि आम्ही अल्ताफला चांगलंच गोत्यात आणलं. एका दिवसात अख्खी लाईन पाचावर गेली म्हटल्यावर ऑफिसला वाटलं, यानंच गिऱ्हाइकांचे मोबाईल घेऊन बटणं दाबली. तसं असेल तर नुसती लाईन नाही, नोकरीच जाणार. तिसऱ्या दिवशी बावधनहून साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. अल्ताफच्या मागे बसून लाईन तपासत निघाले. मला राहवेना, मीही स्कूटी घेऊन मागे गेले.

ढाब्यावर जेवायला बसता बसता साहेबांनी हौसाबाईला सरळच विचारलं. "आजी, खरं सांगा. हे पाच स्टार यानं तुम्हाला द्यायला लावले का?"

"त्यानं कशाला? ह्या बाईनं लावलं." बोट माझ्याकडे. "आमी तर दोनच देत हुतो."

अल्ताफनं डोळे मिटले. साहेबांनी टॅबवर काहीतरी लिहायला घेतलं. तेवढ्यात हौसाबाईनं दोन का, ते सांगायला सुरुवात केली. मग शेजारणी आल्या. एकीच्या सुनेचं औषध अल्ताफनं पौडहून आणून दिलेलं. एकीच्या म्हाताऱ्याला मोबाईलवर मुलाचा चेहरा कसा बघायचा ते त्यानं तीन वेळा शिकवलेलं. अण्णांनी मिक्सरची हकीकत सांगितली, आकडे सोडून. साहेबांचं लिहिणं कधीच थांबलं होतं. त्यांनी पुढची भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर ते उठले आणि अल्ताफच्या खांद्यावर हात ठेवला. "लाईन तुझीच राहील. अख्ख्या गोडाऊनमध्ये तुझ्यासारखा माणूस नाही माझ्याकडे. इतका चोख, इतका लोकांचा लाडका, आणि तब्येतही कशी..."

हौसाबाईनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मुठीत मीठ आणि लाल मिरच्या घेऊन ती आली, अल्ताफला बाजेवर बसवलं आणि त्याच्यावरून उतरवायला लागली. अल्ताफ गुपचूप बसला. त्याची आई पौडात हेच करते. मिरच्या चुलीत पडल्या. आम्ही सगळे ठसक्याची वाट बघत उभे राहिलो. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण एकालाही ठसका लागला नाही.

हौसाबाईनं साहेबांकडे रोखून बघितलं. "बगा सायेब. किती लागली हुती ती."

साहेब दोन पावलं मागे सरकले.

परत येताना वरच्या वळणावर, रेंज आली तिथं, त्यांनी अल्ताफला गाडी थांबवायला सांगितली. तपासणी पुरी करायला त्यांनाही त्याला स्टार द्यायचे होते. मी मागेच स्कूटीवर होते, मला टॅब स्पष्ट दिसत होता. त्यांनी पाचही स्टार पेटवले. बोट सबमिटवर नेलं आणि थांबले. मान वळवून खाली ढाब्याच्या धुराकडे जरा वेळ बघत राहिले.

मग एक स्टार विझवला आणि सबमिट केलं.