धानाले रात पायजे

आमच्या चर्चच्या क्रूसावर फोकस लावायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी दुसऱ्यांवर तोंड सोडणार आहे, तेव्हा कोणी म्हणू नये की बाई स्वतः बऱ्या नामानिराळ्या राहिल्या.

आमगावच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं चर्च. चर्च म्हणजे काय, टिनाच्या छपराचा एक हॉल आणि पुढे सिमेंटचा क्रूस. तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. दिवस मावळला की इथं काही आहे हे रस्त्यानं जाणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेते. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला मी त्यांना उजेडाचा धडा दिला. तुम्ही जगाचा उजेड आहात, दिवा लावून कोणी पायलीखाली झाकत नाही, वगैरे. एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "मॅडम, मंग आपला क्रूस काऊन अंधारात राहते?"

झालं. मी लगेच कमिटीपुढे विषय मांडला. पास्टरसाहेबांना कल्पना फारच आवडली. आमचे सेक्रेटरी रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, कामाला वाघ. त्यांनी आठवड्यात गोंदियाहून चार फोकस आणले आणि वर सेन्सर बसवला. अंधार पडला की आपोआप लागणार, उजाडलं की आपोआप विझणार, कोणी हात लावायची गरज नाही. पहिल्या संध्याकाळी सगळी मंडळी रस्त्यावर उभी राहून गायली. क्रूस असा लखलखला की ट्रकवाले वळून बघू लागले. मी रडले. खोटं कशाला बोलू?

आता काकाजींबद्दल. चर्चला अगदी चिकटून जी बांधी आहे, ती त्यांची. सत्तरी ओलांडलेले पोवार कास्तकार. आमचे वाडवडील माळव्यातून आले, हे तुम्हाला ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगणार. बाकीच्या वावरात ते बाजारातलं बियाणं लावतात, पण या एका खोलगट बांधीत त्यांच्या बापाच्या वेळचा वासाचा भारी धान. भारी म्हणजे उशिरा येणारा, शेवटपर्यंत पाणी लागणारा. गावात तो आता दुसऱ्या कोणाकडे नाही. दरवर्षी याच बांधीतल्या लोंब्या निवडून ते पुढच्या सालचं बियाणं ठेवतात. ही बांधी गेली तर ते धान गेलं, इतका साधा हिशोब.

भादव्यातल्या एका रविवारी उपासना संपून चहा चालू होता तेव्हा काकाजी आले. चपला बाहेर काढल्या, वऱ्हांड्यात उभे राहिले. कोणीतरी त्यांच्या हातात कप दिला.

"बाई, एक सांगू का?" ते मला म्हणाले. "तो लाइट दिवाळीपर्यंत बंद ठेवा ना जी. धानाले रात पायजे."

मला हसू आलं. म्हटलं, "काकाजी, उजेडानं तर पीक वाढतं. आम्ही चौथीच्या पोरांना शिकवतो."

"वाढते ना. वाढतच राहते. पन निसवत नाही." निसवणं म्हणजे काडीच्या पोटातून लोंबी बाहेर पडणं. "आता रात मोठी होऊन राहिली. ते धानाले समजते, मंग तो लोंबी काढते. तुमचा लाइट त्याले समजूच देऊन नाही राहिला."

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आज लाइट बंद करा म्हणतात, उद्या क्रूस काढा म्हणतील."

हे वाक्य हवेतून आलं नव्हतं, तेही सांगायला हवं. कुठं प्रार्थना बंद पाडली, कुठं पास्टरला दमदाटी केली, असं कानावर येत असतं. आमच्यासारखी मूठभर माणसं दबून असतात. आणि मग मी बोलले. अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "काकाजी, उजेडाचा त्रास अंधारालाच होतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि कोणाला म्हणाले? माझे बाबा गेले तेव्हा चर्चमागच्या दफनभूमीकडे जायची वाट पाण्याखाली होती. गावातले चार लोक मजा बघत उभे होते. तेव्हा याच माणसानं विळा घेऊन स्वतःच्या उभ्या धानातून शवपेटी जाईल एवढी वाट कापून दिली. तो कापलेला धान त्यांनी नंतर बोलून दाखवला नाही की आम्ही कधी विचारला नाही. त्या माणसाला मी अंधार म्हटलं. देवाच्या घरात उभी राहून.

काकाजी नुसतं "बरं जी" म्हणाले आणि गेले. कपातला चहा अर्धा तसाच होता. आणि आम्ही? सेक्रेटरींनी माझी पाठ थोपटली. बाईंनी काय साक्ष दिली म्हणे! मला बरं वाटलं, लाज कसली ती नाही. साक्ष म्हणे!

दसऱ्याच्या सुमाराला मी सकाळी स्कूटीवरून शाळेत निघाले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धान निसवलेला, लोंब्यांवर दव. चर्चजवळ आले आणि गाडी आपोआप हळू झाली. काकाजींची बांधी हिरवीगार. सगळ्यांपेक्षा उंच, सगळ्यांपेक्षा तजेलदार, आणि एक लोंबी नाही. मी धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, उतरले, साडीचा काठ चिखलात गेला तरी. एक काडी सोलली, दुसरी सोलली. आत काही नाही. नुसतं पान, त्याच्या आत पान.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आधी माझ्यावरच. कृषी सहायकाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, लाइटखालचा भारी धान निसवत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे." वीस वर्षं या तालुक्यात परिसर अभ्यास शिकवते मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी काकाजींच्या घरी गेले. ते ओट्यावर सुंभ वळत बसले होते. मी म्हटलं, "काकाजी, माझं चुकलं."

"असू द्या ना बाई," ते म्हणाले. "लाइटाचं काय होते ते पाहा. अजून दहा-पंधरा रोज हायेत."

म्हणजे वेळ होती. थोडी, पण होती. मी तशीच पास्टरसाहेबांकडे गेले, त्यांनी सेक्रेटरींना बोलावलं. मी म्हटलं, आज संध्याकाळपासून फोकस बंद. दिवाळीनंतर हवा तर पुन्हा लावा.

पास्टरसाहेब वाईट माणूस नाही. गोड बोलतात, आजाऱ्याकडे धावून जातात. पण ते म्हणाले, "ताई, त्या उजेडाकडे बघून दोन नवी कुटुंबं आत आली. आता विझवला तर लोक काय अर्थ काढतील?"

"शेजारच्याचं बियाणं बुडालं तर काय अर्थ काढतील?"

सेक्रेटरी म्हणाले, "बियाण्याचं एवढं काय? गोंदियाहून चांगलं हायब्रीड आणून देऊ की."

मी म्हटलं, तुमच्या आईची जागा भरायला गोंदियाहून काय आणता? ते चिडले. मीही चिडलेलीच होते. मी म्हटलं, "प्रभूनं दिवा दिवठणीवर ठेवायला सांगितला तो घरातल्या सगळ्यांना दिसावं म्हणून. आपल्याकडे बघावं म्हणून नाही. माझी आई कंदील लावायची तर पाटीजवळ ठेवायची, पोराच्या डोळ्यावर धरायची नाही." पास्टरसाहेब मान हलवत राहिले. मग म्हणाले, आपण या विषयासाठी प्रार्थना करू.

आणि केली हो! खरंच केली. त्याच बुधवारी दिवेलागणीला पंधरा-वीस जण जमले, बांधीकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटले, आणि काकाजींचा धान निसवावा म्हणून देवाची करुणा भाकली. पाठीमागून चारही फोकस आमच्या डोक्यावरून त्या धानावर भकाभक पडत होते. मी डोळे उघडे ठेवून उभी होते. देवानं काय करावं अशी यांची अपेक्षा होती? बटण चार पावलांवर, हात यांना दिलेले, आणि विनंती त्याला! मला सांगा, असल्या प्रार्थनेला काय म्हणायचं? मी तरी आमेन म्हटलं नाही.

पण हातही लावला नाही, हेही खरंच. कमिटीचा निर्णय, मंडळीत फूट नको, सगळ्यांचे एकमेकांशी घरोब्याचे संबंध. असं म्हणत म्हणत पंधरा दिवस गेले. ते पंधरा दिवस माझ्या नावावर आहेत, कोणाच्या नाही.

दिवाळी झाली, कापण्या लागल्या. आजूबाजूच्या बांध्या रिकाम्या झाल्या आणि मध्ये ती एक हिरवी बांधी वेड्यासारखी उभी. एका कोपऱ्यात मात्र पिवळा पट्टा दिसला. मी जवळ जाऊन बघितलं. आमच्या चर्चचा संडास आहे मागच्या बाजूला, त्याच्यावर पाण्याची टाकी. त्या टाकीची सावली जिथं जिथं पडत होती, तेवढाच धान निसवला होता आणि पिकलाही होता.

काकाजी तिथं विळा घेऊन बसलेच होते. मला बघून हसले. "तुमच्या संडासानं वाचवलं जी बाई, एवढं तरी."

हसावं की जमिनीत गडप व्हावं, मला कळेना. चार फोकस, सेन्सर, गाणी, साक्षी, आणि त्या माणसाच्या उपयोगी पडला काय, तर आमचा संडास!

पुढच्या रविवारी आमचा कापणीचा सण. ज्याचं जे पिकलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं, धानाच्या पेंढ्या, भोपळे, लाखोळीची भाजी, कोणाची कोंबडी. मी पोचले तेव्हा मधोमध एक बारीकशी पेंढी ठेवलेली होती. वासावरून ओळखली. काकाजी सकाळीच येऊन दारात ठेवून गेले म्हणे. पास्टरसाहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलून मंडळीला दाखवली. म्हणाले, "बघा! आपण प्रार्थना केली होती. शेजारच्या बंधूंचा धान निसवला. देवानं ऐकलं!"

लोक टाळ्या वाजवू लागले.

मी उठले. वेदीपुढे गेले. मी म्हटलं, "हा धान संडासाच्या सावलीत पिकला आहे. जिथं आपला उजेड पोचला नाही, तेवढाच पिकला. हे त्यांचं पुढच्या वर्षाचं बियाणं आहे, सगळंच्या सगळं. हे इथं ठेवून घेणार असाल तर आपल्यासारखे चोर आपणच." कोणीतरी मागून म्हणालं, बाई, उपासना चालू आहे. मी म्हटलं, चालू द्या. पास्टरसाहेबांच्या हातातून पेंढी घेतली आणि धुऱ्याधुऱ्यानं सरळ काकाजींच्या घरी गेले.

ते अंगणात होते. पेंढी बघून म्हणाले, "वापस कायले आणली?"

"बियाणं आहे काकाजी. देवाला नको आहे हे, तुम्हालाच हवं आहे. ठेवा."

त्यांनी पेंढी घेतली नाही. म्हणाले, "लाइट बंद केला का?"

"नाही."

"मंग बिजाई ठेवून काय करू जी बाई? लावू कोठी?"

दुसऱ्या बांधीत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण भारी धानाला लागतं तेवढं पाणी त्या एकाच बांधीत टिकतं, हे आता मलाही माहीत होतं. म्हणून तर ते बियाणं ते देवाला देऊन मोकळे झाले होते. रागानं नाही. ठेवून उपयोग नव्हता म्हणून.

मी पेंढी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि परत गेले. आत शेवटचं गीत चालू होतं. वऱ्हांड्यात मीटरचा बोर्ड आहे. मेन बंद केला, फोकसच्या फ्यूजची ग्रिप उपसली, मेन पुन्हा चालू केला आणि ग्रिप पर्समध्ये टाकून घरी आले. भर दुपारची वेळ, कोणाला पत्ताही लागला नाही. लागला तो दिवस मावळल्यावर.

कमिटीवाले दुसरं फ्यूज आणून बसवू शकतात, मला कळतं. बसवलं तर ते उपसायला पुन्हा जाईन. दरवेळी जाईन. काल कमिटीची चिठ्ठी आली आहे. चर्चच्या मालमत्तेला हात लावल्याबद्दल रविवारी मंडळीपुढे उभं राहून माफी मागावी. माफी मागायला माझी ना नाही. फक्त ती बाईंनी मंडळीची मागायची, की मंडळीनं धुरा ओलांडून जाऊन मागायची, एवढं आधी त्यांनी ठरवावं. काकाजींनी ती पेंढी अजून झोडली नाही. ओट्यावरच आहे, वाट बघत.