डोंगराला लावलेली दोरी

केदारी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या वाहिनीवरच्या संध्याकाळच्या चर्चेसाठी पडद्यावरच्या खिडक्या मोजत होते. सहा पाहुणे ठरले होते, वरून आणखी दोघं हवेत असा निरोप होता, आणि नीट भांडणारं कुणी मिळेना. फोनवर काकू होत्या, सरांच्या पत्नी. "सकाळीच गेले गं. झोपेतच..." एवढंच म्हणाल्या. मी "निघते" म्हटलं, आणि तरीही आधी ते दोन पाहुणे शोधले. दीड महिना झाला, ते मला टोचतंय. पण त्याहून जास्त टोचतं ते सर असतानाच घडलं होतं.

लोणावळ्याच्या शाळेत सर आम्हाला भूगोल शिकवत. फळ्यावर डोंगर काढण्याआधी अख्ख्या वर्गाला खिडकीतून खरा डोंगर बघायला लावत. निवृत्त झाल्यावर लेकाकडे वराळ्याला राहायला गेले, पण जीव डोंगरातच. आतल्या मावळातल्या एका ठाकरवाडीच्या वरच्या अंगाला त्यांना जमिनीत भेग दिसली होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि गवंडी भिंत सरळ धरायला लावतात तसली दोरी या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणून, पोचली तिथे खुणेची गाठ मारली. पुढे हातभर दोरी मुद्दाम शिल्लक ठेवली आणि ती सोडवून घरी आणली. दरवर्षी वर जायचं, दोरी लावायची, भेग रुंदावली असेल तर पुढे नवी गाठ मारायची. वाडीतली सोनीमावशी बरोबर असायची. "मास्तर, डोंगराला कापडं शिवताय व्हय?" म्हणून चिडवायची, पण खुंट्यांभोवतीचं गवत तीच काढायची.

तेव्हा मी आमच्या वाहिनीवर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचे. एक विषय, एक जाणकार, आणि मध्ये कुणी ओरडायचं नाही. त्यात एकदा सर आले, त्यांनी दोरी टेबलावर पसरली आणि एकेक गाठ दाखवत संथपणे बोलले. "डोंगर उद्याच पडेल असं मी म्हणत नाही. ज्या वर्षी ही दोरी पुरणार नाही, त्या वर्षी पावसाआधी खाली यायचं. एवढं ठरवून ठेवा." वाडीने तो कार्यक्रम समाजमंदिरात एकत्र बसून पाहिला, आणि खरंच तसं ठरवलंसुद्धा.

मग तो कार्यक्रम बंद झाला. लोकांना एवढा वेळ नसतो, असं मला सांगण्यात आलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही ते पटवून घेतलं. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा तोंडावर असताना, सरांना मी चर्चेला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोरी घेऊन ते आले. आठ खिडक्यांतली एक त्यांची. त्यांनी दोरी वर धरून "ही पाचवी गाठ..." असं म्हटलं मात्र, निवेदक गरजला, "सर, डोंगर कोसळणार की नाही? हो किंवा नाही!" आणि पडद्यावर संगणकावर केलेला डोंगर फुटला. दगड उडाले, भोंगा वाजला. ते चित्र मी मंजूर केलं होतं, दुपारी चहा पिता पिता. सरांनी दोरी गुंडाळून खिशात ठेवली.

वाडी घाबरली. लेकरं, शेळ्या घेऊन माणसं खालच्या शाळेत येऊन राहिली. चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी सगळे परत वर गेले, आणि त्यानंतर सर दिसले की हसू. "मास्तर, तुमचा डोंगर टीव्हीतच फुटला की!" सर मला एका शब्दाने रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाले, "अगं, त्यांना भीती घालायची नव्हती, सवय लावायची होती... ती गेली आता." गेल्या पावसाळ्याआधी ते शेवटचे वर गेले. तेव्हा चार बोटं दोरी शिल्लक होती. मग दम्याने त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही.

दहाव्यानंतर काकूंनी टीव्हीशेजारच्या खिळ्यावरून दोरी काढून माझ्या हातात दिली. "तूच ने. इथे लटकलेली बघवत नाही."

पाऊस पुन्हा तोंडावर आला आहे. परवा मी वर गेले. सोनीमावशीने एक टोक खुंटीला अडकवलं, मी दुसरं ओढत नेलं. पोचेना. पुन्हा ताणून पाहिलं. दोरी संपली होती आणि खुंटी तीन बोटं पुढे होती. मावशीने स्वतःची बोटं मध्ये घालून पाहिली आणि हात पदराला पुसला.

"मी फोन लावते," मी म्हटलं. "आज संध्याकाळीच दाखवू."

"न्हाई ताई, टीव्हीवर नगं," ती म्हणाली. "टीव्हीवर आलं तर कुणी उठायचं न्हाई."

काल तहसील कचेरीत अर्ज दिला. पाहणी करू म्हणाले. पण परवा मावशी मला भेगेपासून थेट घरोघर घेऊन गेली होती. पहिल्याच घरातला माणूस हसला, "पुन्यांदा फुटला व्हय?" मी त्याच्या ओट्यावर दोरी पसरली आणि पहिल्या गाठीपासून सुरुवात केली. सर बोलायचे तशी, संथ. त्या एका घराला अर्धा तास लागला. जाऊ, असं तो म्हणाला नाही, पण हसायचा थांबला.

वाडीत एकतीस घरं आहेत. चार झाली. मला फार भीती वाटते आहे. लोणावळ्याच्या घरी हे लिहिताना दोरी टेबलावर आहे, आणि खिडकीतून दिसणारा डोंगर सकाळपासून ढगात आहे. रजा टाकली आहे. उद्या पाचव्या घरापासून.