अबोल्यातला रिबेस

नवऱ्याशी अबोला असताना त्याच्यासोबत एकाच प्रोग्रॅमवर काम करू नये, हे लग्नात मला कुणी सांगितलं नाही. बाकी नको ते सगळं सांगितलं.

आम्ही दोघं संगमनेरजवळच्या आमच्या गावातून, घरूनच, सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा गावच्या दूध केंद्राचं काम होतं. दूध घातलं की लिटर, फॅट आणि खातेदाराचं नाव छापून पावती बाहेर. मी त्यात एक बदल केला: खातं कुणाचंही असो, गोठ्यात राबणाऱ्या बाईचं नाव पावतीवर यावं. नवऱ्याने त्याच ओळी आपल्या मर्जीने बदलून ठेवल्या. म्हणे, उगाच नवं खुसपट नको. तेव्हापासून तो ओसरीवर, मी आतल्या खोलीत.

संध्याकाळच्या दुधाआधी नवा प्रोग्रॅम केंद्रावर चढवायचा होता, म्हणून मी रिबेसला बसले. म्हणजे त्याच्या कामावर माझे बदल एकेक करून रचायचे. बदल नीट बसला तर संगणक पुढे जातो. दोघांनी एकाच ओळीत हात घातला असेल तर थांबतो आणि सांगतो, कॉन्फ्लिक्ट आहे, तुमचं तुम्ही निस्तरा. किती झालं, किती राहिलं, तेही दाखवतो. इतकं समजूतदार आमच्या घरात दुसरं कुणी नाही.

अर्थात नावापाशी गाडी अडली. स्किप केलं तर माझा बदल गळणार, म्हणजे तो जिंकणार. माझंच ठेवलं तर तो पुन्हा काढणार. विचारायचं तर अबोला. मग सासूबाईंना निरोप्या केलं.

"आई, त्यांना विचारा, नावाच्या ओळीत काय ठेवू?"

त्या जाऊन आल्या. "त्यो म्हनतो, हाय ते ऱ्हाऊ दे."

"हाय ते म्हणजे कुणाचं?"

पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी वैतागून दारातच बसल्या. "कोनाच्या नावाचं चाललंय गं एवढं?"

"तुमच्या. दूध तुम्ही काढता, तुम्हीच नेऊन घालता, पावती मामंजींच्या नावाची निघते."

त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मला वाटलं होतं हसतील. त्यांचा तो चेहरा बघून मला भरून आलं आणि नवऱ्याचा दुप्पट राग आला. त्या उठल्या, ओसरीवर गेल्या आणि या वेळी निरोप स्वतःचाच दिला.

"पावती तुज्या बापाची, तर उद्यापासून धार बी त्यानंच काढायची. पहाटं उठव त्याला."

थोड्या वेळाने नवरा माझ्या दारात. "दोन्ही नावं टाकू."

"आधी कुणाचं?"

त्याने मागे पाहिलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "म्हशीला इचार."

मी त्यांचं नाव वर टाकलं आणि कंटिन्यू दाबलं. उरलेले बदल निमूट बसत गेले.

संध्याकाळी दूध घालून आल्यावर सासूबाईंनी पावती मामंजींपुढे धरली. "वाचा. मोठ्यानं."

मामंजींनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि वाचलं. जन्मभर 'अगं ए' म्हणून हाक मारणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून सासूबाईंचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.