सासूबाईंची राखुंडी

माझे सासरे जनकोजीराव यांचं पोट हे आमच्या घरातलं सर्वांत मानी माणूस. जरा मनाविरुद्ध झालं की रुसायचं. आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात मामंजींनी तेहतीस वर्षं कारकुनी केली, पण साहेबापेक्षा त्यांना या पोटाची धास्ती जास्त. तिखट, मैदा, हॉटेलची कॉफी, सगळं वर्ज्य करूनही दर आठवड्याला ते कळवळून पडायचे. दोन हजार साली डॉक्टर राममूर्तींनी विचारलं, "दात कशाने घासता?"

तोंडात घातलेलं थोडंफार पोटात जातंच, असं डॉक्टरांचं म्हणणं. मग एकेक पेस्ट आठ आठ दिवस वापरून पाहायची ठरली. लाल जेल, मिठाची, आयुर्वेदिक, लहान मुलांची स्ट्रॉबेरीच्या वासाची. फेस आणि पुदिना आला की दोन तासांत कळ. चूळ भरायच्या निळ्या औषधाने तर सलाइनपर्यंत पाळी आणली. हाताला साबणाचा वास राहिला तरी रसम-भात पचेना, म्हणून बेसिनवर बिनवासाची वडी आली.

हे सगळं बघून सासूबाईंनी, म्हणजे अन्नपूर्णाबाईंनी, एक दिवस भाताचं तूस आणलं. ते लोखंडी कढईत जाळून काळं केलं, मीठ आणि लवंग घालून दगडी खलात कुटलं, दोनदा फडक्यातून गाळलं. तंजावरला त्यांच्या माहेरी सगळे ह्याच राखुंडीने दात घासत. पंधरा दिवसांत मामंजी माणसात आले. त्यानंतर दर महिन्याला सासूबाई कुटत बसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, शिकून घ्या. मी जन्मभर पुरणार कां तुम्हांला?" मामंजी पेपरामागून "हूं" म्हणायचे. पेपर खाली आलेला मी कधी पाहिला नाही.

दोन हजार चारच्या आषाढात सासूबाई दुपारच्या झोपेतून उठल्याच नाहीत. तेरावा झाला, साड्या वाटून झाल्या. बेसिनवरचा राखुंडीचा पितळी डबा तेवढा राहिला. त्यात फार तर आठवड्याची राखुंडी होती. पुढे काय, या काळजीने मला तेव्हा खरंच धडकी भरली होती.

पण मामंजींचं पोट काही बिघडलं नाही. महिना गेला, दिवाळी गेली. डबा आतल्या कडेपर्यंत भरलेला असायचा आणि वर चमच्याच्या पाठीने फिरवून सपाट केलेला, अगदी सासूबाई करायच्या तसा. मला वाटलं, शिकले एकदाचे. बायको गेल्यावर अक्कल आली, असंही मनात म्हटलं. कधी भर दुपारी जळक्या तुसाचा वास यायचा, तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात जायची नाही. म्हाताऱ्याला लाज वाटेल, एवढाच विचार.

मामंजी मला तमिळ पद्धतीने लाडाने ‘मा’ म्हणत. चैत्रात एकदा जेवताना ते म्हणाले, "सौम्या मा, तुझ्या हाताला तिची चव आली. राखुंडी अगदी तिच्यासारखी करतेस."

मी घास ताटात ठेवला. "मी नाही करत, मामंजी. तुम्ही करता ना?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. माझे यजमान गिरिधर यांना तूस आणि भुसा यातला फरक कळत नाही, त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी उठून खल पाहिला. खल कोरडा होता, पण आत हात घातला तर तळाला ऊब लागली. मी हात मागे घेतला आणि बराच वेळ साडीला पुसत राहिले.

त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नाही. मामंजी रोज सकाळी डबा उघडायचे, चिमूट घ्यायचे, झाकण लावायचे. मी भिंतीकडे तोंड करून भांडी घासायची. भीती वाटायची, आणि त्यांचं पोट बरं आहे म्हणून बरंही वाटायचं.

ज्येष्ठात आमचे वाध्यार, म्हणजे भटजी, नारायणस्वामी वर्षश्राद्धाची तिथी सांगायला आले. म्हणाले, "वर्षभर ती वाटेवर होती. आतां पितरांत जाऊन बसेल. सुटली."

मामंजींनी विचारलं, "एक वर्ष पुढें ढकलतां येईल कां?"

गिरिधरना काहीच कळेना. मला मात्र सगळं कळलं आणि मस्तकात तिडीक गेली. सासऱ्यांपुढे आवाज चढवायची आमच्याकडे रीत नाही, तरी मी बोलले. "जन्मभर राबल्या त्या तुमच्यासाठी. मेल्यावरही कुटतच बसायचं का त्यांनी?"

मामंजींनी पोटावर हात ठेवला. मग वाध्यारांना म्हणाले, "तिथी लिहून द्या."

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर मागच्या कट्ट्यावर पितळी डबा चिंचेने घासून पालथा घातलेला, शेजारी झाकण उताणं. काम संपलेलं भांडं सासूबाई तसंच ठेवायच्या. डब्याखाली कट्टा अजून ओला होता. मामंजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी डबा उचलला नाही.

त्याच आठवड्यात ते बस धरून रेड हिल्सच्या भातगिरणीवर गेले आणि पिशवीभर तूस घेऊन आले. पहिलं जळून पांढरं झालं, ते टाकलं. दुसरं काळं उतरलं. खल मांडीशी घेऊन कुटायला बसले, लवंग टाकली, मिठाची बरणी उघडली आणि मूठ तशीच धरून राहिले.

"मीठ किती घालायची ती?" त्यांनी मला विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मीही कधी पाहिलं नव्हतं.

"वर्षभर घरांत होती मा," मामंजी म्हणाले. "मीठ किती, तेवढें तरी विचारायचें होतें मी."