नाव बदललं आणि खोल्या बंद पडल्या

"बोलणा नाय गो बापडी, पण येताच चारय खोल्यांका कुलूप लावची पाळी आणल्यान!"

हे माझ्या सासूबाई माझ्या नणंदेला, सुलूला, सांगत होत्या. स्वयंपाकघरात, नारळ खवता खवता. मी मागच्या दारी विहिरीवर, हातात दोर. ओढला असता तर रहाट कुरकुरला असता, म्हणून तशीच उभी राहिले आणि सगळं ऐकलं.

आता काय तोंडाने सांगू, त्यांचं शंभर टक्के खरं होतं! एवढा मोठा घोटाळा आमच्या घरात आजवर कुणी केला नसेल, आणि तो मी एका जागी बसून, कुणाशी एक शब्द न बोलता केला.

गोव्यात, हरमलला आमच्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांना भाड्याने देतो. सोयरीक जमली तेव्हा मी डिचोलीला माहेरी बसून त्या खोल्यांची वेबसाइट करून दिली होती. हौस हो! साइट ठेवायला एका क्लाउड कंपनीत माझ्या नावाने खातं उघडलं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर घेतलेली भाड्याची जागा. साइट सुरू झाली आणि सुलूने वहीत बुकिंग लिहिणं बंदच केलं. "आमची साइट असा, थंय बघा!" असं ती रशियन पाहुण्यांनाही आमच्याच भाषेत सुनवायची.

मग लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यावर नाव लिहिलं आणि माहेरची मीनल झाली स्वरांगी. नाव नवऱ्याच्या आत्याने काढलेलं. मला विचारलं? छे! ज्याचं नाव बदलायचं त्याला विचारायची पद्धत नाही.

"आता सगळीकडे नवाच नाव घाल हां," सासूबाई म्हणाल्या.

आधार कार्डाला रांग. बँकेत रांग. क्लाउडच्या खात्याला मात्र रांगच नाही! मग काय, आज्ञाधारक सूनबाई बसल्या आणि नाव, आडनाव, पत्ता, फोन, सगळं एका दमात बदलून मोकळ्या झाल्या.

दहाव्या मिनिटाला साइट बंद.

कंपनीचं पत्र आलं: 'आपल्या खात्यात असाधारण हालचाल आढळली. वापराच्या अटींनुसार खात्यावर निर्बंध घातले आहेत.' मी नम्रपणे विचारलं, कुठली अट मोडली? उत्तर आलं, 'सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही.' म्हणजे गुन्हा मी केला आणि तो कुठला हे माझ्यापासूनच गुपित!

मग त्या अटी वाचल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुमची शपथ! 'वाजवी वापर करावा.' वाजवी म्हणजे किती? लिहिलेलं नाही. 'अयोग्य वाटेल असे वर्तन.' कुणाला वाटेल? तेही नाही. आणि खाली, 'कारणे एवढ्यापुरती मर्यादित नाहीत.' अहो, आमच्या किनाऱ्यावरचा शॅकवाला दंगेखोर गिऱ्हाइकाला बाहेर काढताना कारण सांगतो, तेही चार भाषांत आणि सर्वांदेखत. ह्या एवढ्या मोठ्या कंपनीला एका भाषेत जमेना!

इकडे हंगाम तोंडावर. कुठली खोली कोणी, कधीची घेतलीय ते सगळं त्या बंद खात्यात. एका सकाळी मोप्याला विमानातून उतरलेलं जोडपं टॅक्सीने थेट दारात. आणि त्यांची खोली सुलूने आदल्या दिवशीच दुसऱ्यांना दिलेली! त्या दिवसापासून सासूबाईंनी धसका घेतला. आधीचे पाहुणे गेले तशा एकेक करून चारही खोल्यांना कुलपं लावली. कोण येणार ते कळेपर्यंत कुणालाच द्यायची नाही.

"तू त्यांका सांग ना, लग्न झाला म्हणान," नवरा म्हणाला.

"सांगितलं. पाच वेळा."

"मगे?"

"पाचही वेळा आभार मानले."

शेवटी एक फॉर्म सापडला. जुना खातेदार मीनल, नवा खातेदार स्वरांगी, एवढं भरलं. 'खातेदार बदलण्याचे कारण निवडा.' विक्री. नोकरी सोडली. मृत्यू. इतर. 'इतर' दाबलं की फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर. तीनदा दाबलं, तीनदा पहिलं पान. विकलं मी काही नव्हतं. नोकरी म्हणावी तर लग्नाने उलट लागली होती. मग म्हटलं, निदान कुणीतरी माणूस डोळे उघडून वाचेल, आणि डोळे मिटून 'मृत्यू' दाबलं.

आता हसू नका! डोकं ठिकाणावर असतं तर मी आधी नाव तरी बदललं असतं का?

आणि काय चपळाई हो! लग्नाला महिनाभर दाद न देणाऱ्या कंपनीने मरणाची दखल तासाभरात घेतली. उत्तर आलं ते ओसरीवरच्या टॅबवर, जिथे खोल्यांचे ईमेल येतात. सुलूने ते मोठ्याने वाचलं, मराठी करत करत.

"मीनल यांच्या निधनाबद्दल आमका खूप वायट वाटला..."

"अरे देवा!" सासूबाईंनी छातीला हात लावला. "कोण गो ती मीनल?"

"काय की. आपल्याकडे पावणी म्हणान इली असतली कधी तरी."

"तरणी होती काय?"

मी दारात उभी. चार महिन्यांपूर्वी ह्याच नावाने माझी साखरपुड्याची ओटी भरली होती यांनी!

"आये, आयक," सुलू ओरडली, "मृत्यूचो दाखलो दिलो काय तिचा सगळा खाता स्वरांगीक मेळतला! बुकिंगां पण!"

सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "अगो, तुझाच नाव! बघ, मरताना तुका ठेवन गेली बापडी. मगे दाखलो आण ना तिचो! उभी काय रवलंस? कोण तुझी ती? आणि गेली कशान?"

लग्न झाल्यापासून मी त्या घरात इतकं लांब वाक्य बोलले नव्हते. घसा खाकरला.

"आई, मीनल म्हणजे मीच. त्या फॉर्मात 'लग्न' कुठे नव्हतं, म्हणून त्यातल्या त्यात जवळचं निवडलं."